पहिली साखर कुठे लागते

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. हजेरीपुस्तकात ते नाव होतं, बाकी सगळीकडे ती थेंबताई. हे बारसं केलं दाढीवाल्याने. दाढीवाला म्हणजे तिथे पीएचडी करणारा, तिशी ओलांडलेला, डोक्याने तापट पण मनाने स्वच्छ माणूस. साखरेच्या पाकाच्या सात वेगवेगळ्या दाटपणाच्या पाण्यांचे सात थर एकाच बोटभर नळीत एकमेकांवर चढवायचे असत, आणि तेही असे की एकाचा दुसऱ्याला धक्का लागता कामा नये. दाढीवाल्याने लावले की तिसऱ्या थरातच सगळं एकजीव व्हायचं. थेंबताई मात्र नळी तिरकी धरून काचेच्या कडेने थेंब थेंब असं सोडायची की सातही रेघा उजेडात मोजून घ्याव्यात. ते पाहून तो एकदा म्हणाला होता, "ताई, तुमच्या हातातून थेंबसुद्धा परवानगी मागून पडतो." झालं, नाव चिकटलं ते चिकटलं.

हे हात तयार झाले होते दुसरीकडेच. बारावीला भौतिकशास्त्रात आपटी खाल्ल्यावर ती एका दूध डेअरीच्या तपासणी खोलीत लागली. रोज दोनशे नमुने. प्रत्येक नळीत आधी आम्ल, मग दूध, मग हाताने फिरवायच्या यंत्रात गरगर, मग गरम पाण्याच्या टाकीत ठेवून वर आलेल्या स्निग्धतेची रेघ वाचायची. पाणी पासष्ट अंशांवरून हललं तर रेघ खोटं बोलते. अठरा वर्षं तिने ते पाणी हलू दिलं नाही. मग डेअरी बंद पडली आणि ती इथे काचसामान धुवायला आली. धुता धुता वजनं करू लागली, वजनं करता करता यीस्ट वाढवू लागली. अकरा वर्षांत अशी वेळ आली की ती रजेवर असली की प्रयोगशाळेचं गाडं अडे.

प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, त्यांना एका प्रश्नाने पछाडलं होतं. यीस्टची पेशी प्रथिनं बनवते आणि त्यातल्या कित्येकांना साखरेचे रेणू जोडते. साखर जोडलेलं असं प्रथिन म्हणजे ग्लायकोप्रोटीन. यीस्टचं बाहेरचं जाड कवच बरंचसं त्याचंच असतं. प्रश्न एवढाच की ही जोडणी पेशीत नेमकी कुठे होते? मॅडमचं म्हणणं, पहिली साखर खोल आत, घड्या घातलेल्या पडद्यांच्या जाळीत लागते. पाठ्यपुस्तकात तिला आंतर्द्रव्यजालिका म्हणतात, पण इथे सगळे 'आतली जाळी' म्हणत. उलट, दुसऱ्या एका संस्थेतले एक वयोवृद्ध प्राध्यापक वीस वर्षं ठामपणे सांगत आले होते की साखर लागते ती पेशीच्या अगदी बाहेरच्या पडद्यावर, प्रथिन दाराबाहेर पडता पडता. त्यांचा शब्द म्हणजे या विषयातली काळ्या दगडावरची रेघ. आणि मॅडमच्या कामाचं परीक्षण करणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच.

थेंबताईने एकदा घरी जेवताना हे सगळं सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाईंचं वय ऐंशीच्या घरातलं, पण जीभ अजून विशीत.

"म्हणजे साखर कुठं चिकटते, हे शोधायला तुला बोलावतात?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या डब्याच्या बुडाला चिकटते. जा घेऊन उद्या, दाखव त्यांना."

नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा माणूस. त्याला हसताना ठसका लागला. "अगं, आईचं नाव घाल त्या शोधात," तो म्हणाला. थेंबताईही हसली. पण भांडी आवरताना तिचं डोकं परत त्याच नळीत अडकलं होतं.

कारण गेले चार महिने सगळं मुसळ केरात चाललं होतं. पद्धत अशी: यीस्टच्या पेशी फोडायच्या, आतला सगळा माल त्या सात थरांवर ओतायचा आणि वेगाने फिरवायचा. मग वेगवेगळे पडदे आपापल्या वजनाप्रमाणे वेगवेगळ्या थरांत जाऊन बसतात. प्रत्येक पडद्याची एक ओळखखूण असते, त्याच पडद्यावर सापडणारं एखादं रसायन. त्यावरून कुठल्या थरात कोण आहे ते कळतं. मग प्रत्येक थराला किरणोत्सर्गी खूण केलेली साखर द्यायची आणि पाहायचं, कुठला थर ती प्रथिनाला जोडतो. सोपं होतं. फक्त, सगळेच थर जोडत होते. आतली जाळी जोडे, बाहेरचा पडदा जोडे, मधला गाळही जोडे. आकड्यांचा कागद बघावा तर सपाट माळरान.

त्या सकाळी दाढीवाल्याने असाच आणखी एक कागद चुरगाळून टोपलीत फेकला आणि पुन्हा पेशी फोडायला घेतल्या. जाड काचेच्या नळीत यीस्ट, त्यात काचेचे बारीक मणी, आणि यंत्रावर खडखडाट. नळी हाताला ऊन लागेपर्यंत.

थेंबताई शेजारी बाटल्यांना बुचं लावत होती. तिला राहवेना.

"अरे, एवढं झोडपल्यावर आत काय शाबूत राहणार आहे?"

"ताई, कवच दगडासारखं आहे. मऊ हाताने फुटत नाही ते."

"कवच फोडायचंय ना? तू घराची भिंत पाडायला म्हणून जातोस आणि आतली कपाटं, भांडी, अंथरुणं सगळ्यांचा एकच ढिगारा करतोस. मग त्या ढिगाऱ्यावर उभा राहून विचारतोस, स्वयंपाकघर कुठं होतं?"

दाढीवाल्याने यंत्र बंद केलं. "ही पद्धत जगभर वापरतात."

"मग जगभर ढिगारे असतील."

दारात कुणीतरी हसलं. मॅडम केव्हाच्या उभ्या होत्या, हातात चहाचा कप. त्या आत आल्या, स्टुलावर बसल्या.

"मग तुम्ही काय कराल?" त्यांनी विचारलं. चेष्टेने नाही, खरंच विचारलं.

थेंबताई गडबडली. पण आता माघार कसली. "तुम्हीच मागे म्हणाला होतात मॅडम, कवच खाणारं एक एन्झाइम असतं म्हणून. त्याची बाटली फ्रीजमध्ये पडून आहे. आधी कवच तेवढं उतरवू. मग नागडी पेशी काय, हळूच दाबली तरी उघडेल. आतलं आपापल्या जागी राहील."

"कवच गेल्यावर साध्या पाण्यात ती फुग्यासारखी फुटेल."

"मग साध्या पाण्यात नाही ठेवायची. दाट पाण्यात ठेवू."

मॅडमनी कपातला चहा संपवला. "समिती सहा आठवड्यांनी येतेय," त्या म्हणाल्या. "रोजचं काम सांभाळून करायचं असेल तर करा. उरलेलं यीस्ट घ्या."

 तिने बाटली काढली तेव्हा दाढीवाल्याने मुकाट्याने बाकाचा निम्मा भाग रिकामा करून दिला.

पहिला प्रयत्न साफ फसला. एन्झाइम घालून तिने पेशी तासभर ठेवल्या. कवच गेलं, पेशी अलगद उघडल्या, सात थर सुंदर लागले. आणि मोजणीयंत्राने प्रत्येक थरासमोर जवळजवळ शून्य छापलं. साखर कुणीच जोडत नव्हतं. आधी निदान सगळे जोडत होते! दुसऱ्यांदा केलं, पुन्हा शून्य. तिसऱ्यांदाही तेच.

"ताई, तुम्ही नाद सोडा आता," दाढीवाला म्हणाला. आवाजात कुत्सितपणा नव्हता, उलट कीव होती, आणि तीच तिला जास्त झोंबली. तिला एकदम बारावीचा निकाल लावलेली भिंत आठवली आणि कान तापले. 

त्या संध्याकाळी घरी नवऱ्याने चेहऱ्यावरून ओळखलं. "काय बिघडलं?"

"मशीन ठीक आहे, माणसं ठीक आहेत. पण काम होत नाही."

"बिघाड असतो तिथं दिसत नाही," तो म्हणाला. "लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकली म्हणून सगळे पाचव्यावर जमतात. बिघाड असतो तळघरात. लिफ्टला त्याआधी काय काय झालं, ते उलट्या क्रमाने बघ."

ती उलट्या क्रमाने बघू लागली. मोजणी बरोबर. थर बरोबर. पेशी उघडणं बरोबर. त्याआधी काय? तो एक तास. एन्झाइमसोबत उबेत घालवलेला अख्खा तास. दुसऱ्या दिवशी तिने बाटलीवरचं बारीक अक्षरातलं लेबल चष्मा पुसून वाचलं आणि मॅडमकडे गेली.

"मॅडम, यात 'अशुद्धी' लिहिलंय. म्हणजे काय काय असू शकतं?"

मॅडमनी लेबल वाचलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "प्रथिनं कुरतडणारं दुसरं एन्झाइम! अहो, साखर जोडणारं यंत्रच ते खाऊन टाकत असणार. तासभर मेजवानी दिलीत तुम्ही त्याला."

"मग जेवायला वेळच द्यायचा नाही," थेंबताई म्हणाली. "कवच गेलं रे गेलं की बाहेर काढायचं."

"पण कवच नेमकं कधी गेलं, हे कळणार कसं?"

याचं उत्तर तिच्या हातातच होतं. तिने एक युक्ती केली. दर तीन मिनिटांनी पेशींचा एक टिपका काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, आणि कडेने साध्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. ज्या पेशीचं कवच शिल्लक असेल ती ढिम्म राहील. जिचं गेलंय ती डोळ्यांदेखत फुटेल. तिसऱ्या मिनिटाला एकही फुटली नाही. नवव्याला दहातल्या चार फुटल्या. अठराव्या मिनिटाला तिने पाणी सोडलं, आणि एका पाठोपाठ एक, दहातल्या नऊ पेशी विझल्यासारख्या नाहीशा झाल्या.

"आता!" ती ओरडली. दाढीवाला शेजारच्या खोलीतून धावत आला. दोघांनी मिळून नळ्या बर्फात घातल्या, एन्झाइम धुऊन टाकलं. मग तिने काचेच्या नळकांड्यात बरोबर बसणारा काचेचा दट्ट्या घेतला आणि हळूहळू खालीवर केला. दहा वेळा, अकरावी नाही. फेस म्हणून आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोजणीयंत्र आकडे छापू लागलं तेव्हा दोघंही त्याच्यासमोर उभे होते. पहिला थर, काही नाही. दुसरा, नगण्य. तिसऱ्या थरासमोर आकडा आला आणि दाढीवाल्याने तिचं मनगट घट्ट धरलं. त्यांना वाटलं होतं त्याच्या वीसपट. चौथा, पाचवा, पुन्हा काही नाही. सातवा थर, जिथे बाहेरचा पडदा येऊन बसला होता, तो तर कोरा करकरीत. माळरानावर एकच डोंगर उभा राहिला होता. त्याने ओळखखुणांचा तक्ता शेजारी ठेवला. तिसरा थर म्हणजे आतली जाळी.

"ताई," तो म्हणाला आणि त्याने वाकून तिला चक्क नमस्कार केला. ती "अरे, अरे, ऊठ" म्हणत मागे सरली, आणि बाटल्यांच्या रॅकला धडकता धडकता वाचली.

पुढच्या पंधरा दिवसांत आणखी कळलं. पहिली साखर आतल्या जाळीत लागते, पण तिच्यापुढची दुसरी, तिसरी, चौथी तिथे लागत नाही. त्या जोडणारं सामान वेगळ्याच थरात होतं, पेशीत माल पुढे धाडणाऱ्या गॉल्गी पिंडाच्या पडद्यांत. म्हणजे एका ठिकाणी सुरुवात, दुसऱ्या ठिकाणी वाढ. मॅडमनी सगळा अहवाल समितीकडे पाठवला.

वृद्ध प्राध्यापकांचं उत्तर चार ओळींचं होतं. थर स्वच्छ दिसतात, अभिनंदन. पण पेशी फोडल्यानंतर पडदे एकमेकांना चिकटू शकतात, तुटू शकतात, भलत्या थरात जाऊ शकतात. जिवंत पेशीत हेच घडतं याचा पुरावा काय? मी स्वतः येऊन पाहीन.

"म्हातारा खवट आहे," दाढीवाला म्हणाला.

"खवट असेल, पण विचारतोय ते बरोबर," थेंबताई म्हणाली. मॅडमनी तिच्याकडे पाहून मान हलवली.

जिवंत पेशीतल्या पुराव्यासाठी मॅडमकडे एक खास यीस्ट होतं. पंचवीस अंशांना ते सुतासारखं सरळ वागे. सदतीस अंशांना नेलं की आतल्या जाळीतून पुढे माल जाणंच बंद पडे. सगळे त्याला 'अडेल' म्हणत. मॅडमचा हिशेब असा की प्रथिनं आतल्या जाळीत अडवून ठेवली, आणि तरीही त्यांना पहिली साखर लागली, तर ती बाहेरच्या पडद्यावर लागूच शकत नाही. कारण तिथवर ती पोहोचलेलीच नाहीत. आणि दुसरी-तिसरी साखर लागली नाही, तर त्या पुढच्या मुक्कामावर लागतात हेही सिद्ध झालं.

समितीतर्फे प्राध्यापक आले ते एकटेच, हातात जुनी कातडी बॅग. उंच, वाकलेले, कानात यंत्र. त्यांनी चहा नाकारला आणि सरळ काम सांगितलं. साधं यीस्ट आणि अडेल यीस्ट, दोन्ही त्यांनी स्वतःच्या हाताने सहा चंबूंत भरलं, कुठल्या चंबूत कुठलं ते एका चिठ्ठीवर लिहिलं, चिठ्ठी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि चंबूंवर फक्त एक ते सहा आकडे टाकले.

"सगळे सदतीस अंशांवर न्या," ते म्हणाले. "खूण केलेली साखर पाजा. आणि शेवटी मला सांगा, यातले अडेल कोणते. प्रयोग कोण करणार?"

दाढीवाल्याने घसा खाकरला. मॅडम म्हणाल्या, "या करतील."

प्राध्यापकांनी थेंबताईला नीट पाहिलं. "तुमचं शिक्षण?"

"बारावी नापास, सर."

 ते खुर्ची ओढून गरम पाण्याच्या टाकीसमोर बसले आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.

सहाही चंबू टाकीत गेले. वीस मिनिटं झाली, खूण केलेली साखर पडली. आता आणखी अर्धा तास पाणी सदतीसवर राहायला हवं होतं. पाचव्या मिनिटाला थेंबताईची नजर तापमापीवर गेली. साडेछत्तीस. तिने टाकीच्या बटणाचा दिवा पाहिला, तो विझला होता. बटण दाबलं, पुन्हा दाबलं. काही नाही. तापवणारी तार जळाली होती.

"छत्तीस पॉइंट दोन," दाढीवाला पुटपुटला. "ताई, थांबवू या. पाणी निवलं की अडेल यीस्ट मोकळं होईल, सगळं वाया जाईल. उद्या पुन्हा करू."

"थांबवायचं नाही," ती म्हणाली. "किटली लाव."

तिने बाह्या वर केल्या. एका हातात उकळत्या पाण्याचा मग, दुसऱ्या हातात काचेची कांडी. मग टाकीच्या कोपऱ्यात, चंबूंपासून दूर, अर्धा घोट गरम पाणी, कांडीने ढवळणं, तापमापीकडे डोळा. छत्तीस पॉइंट सहा. पुन्हा अर्धा घोट. सदतीस. आता थांबायचं, पाऱ्याच्या मागे धावायचं नाही. पाऱ्याला यायला वेळ लागतो, हे डेअरीत ती पोळून घेऊन शिकली होती. जरा खाली सरकायला लागला की पुन्हा अर्धा घोट. दाढीवाला किटली भरत होता आणि चंबू हलवत होता, मॅडम मिनिटं मोजत होत्या. पंचवीस मिनिटं तो पारा सदतीसच्या रेघेपासून केसाइतकाही इकडे झाला ना तिकडे. तिच्या कपाळावरून घामाचा ओघळ भुवईत उतरला तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. मॅडमनी आपल्या रुमालाने तो टिपला.

"वेळ झाली," प्राध्यापक म्हणाले. ते केव्हातरी खुर्चीवरून उठून तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले होते, हे तिला तेव्हा कळलं.

पुढचे दोन दिवस किचकट कामाचे. प्रथिनं वेगळी करायची, त्यांवरच्या साखरेच्या साखळ्या सौम्य अल्कलीने सोडवायच्या, आणि त्या लांब कागदावर चढवून पळवायच्या. एकेकटी साखर दूर पळते, दोघींची जोडी जरा मागे राहते, तिघी-चौघींची माळ त्याहून मागे. मग कागदाच्या सेंटीमीटर सेंटीमीटरच्या पट्ट्या कापून प्रत्येकीतली खूण मोजायची. सहा चंबू, प्रत्येकी तीस पट्ट्या. थेंबताईने एकशे ऐंशी पट्ट्या कापल्या, एकही वाकडी नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला आकडे पूर्ण झाले. तिने सहा आलेख स्वतः काढले, पेन्सिलीने, आणि टेबलावर ओळीने मांडले. आलेख पाहताच कुणालाही कळलं असतं, पण तिने पुन्हा एकदा बोट फिरवून खात्री केली.

"सर, दोन, तीन आणि सहा. हे अडेल. यांच्यात साखर एकेकटीच आहे, पुढे वाढलेलीच नाही. एक, चार, पाच साधे. यांच्यात लांब माळा आहेत."

प्राध्यापकांनी चिठ्ठी काढली नाही. चष्मा वर ढकलून ते तीन नंबरच्या आलेखावर वाकले. "आणि हा छोटा उंचवटा? इथे दोन साखरांची जोडी दिसते. तुमचं अडेल यीस्ट पुरतं अडलेलं नाही."

 दाढीवाल्याचा चेहरा उतरला.

"नाही अडलेलं," थेंबताई म्हणाली. "बांध घातला तरी थोडं पाणी झिरपतंच, सर. पण बांध आहे की नाही हे झिरपण्यावरून ठरवतात का अडलेल्या पाण्यावरून? शंभरातलं नव्वद पलीकडे गेलेलं नाही. ते मी लपवणार असते तर आलेखात काढलंच नसतं."

म्हाताऱ्याच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी कोटाच्या खिशातून चिठ्ठी काढली, उलगडली आणि तिच्या हातात दिली. वाचा, म्हणाले.

तिने वाचलं. अडेल: दोन, तीन, सहा.

दाढीवाल्याने ओरडून मॅडमना मिठी मारली आणि मग आपण काय केलं हे लक्षात येऊन लालेलाल झाला. मॅडम रडत होत्या आणि हसतही होत्या. शेजारच्या प्रयोगशाळेतली माणसं काय झालं म्हणून दारात जमा झाली. थेंबताई चिठ्ठी धरून तशीच उभी. तिला आभाळ ठेंगणं झालं होतं, पण गंमत म्हणजे पाय मात्र पहिल्यांदाच जमिनीवर घट्ट वाटत होते.

गलका शमल्यावर प्राध्यापक बोलले. "वीस वर्षं मी बाहेरच्या पडद्यावर शोधत होतो. मण्यांनी फोडूनच. मला तिथे साखर मिळायची, कारण मला सगळीकडेच मिळत होती." त्यांनी मान हलवली. "चुकलो. हे मी लिहून देईन, नावानिशी."

आणि त्यांनी दिलं. त्यांच्या त्या पत्राने मॅडमच्या कामाला पुढची पाच वर्षं मिळाली.

शोधनिबंध लिहायची वेळ आली तेव्हा कार्यालयातून निरोप आला, मदतनिसांची नावं शेवटी आभारात घालायची पद्धत आहे. थेंबताईला त्यात वावगं वाटलं नाही. पण दाढीवाला तो कागद घेऊन जिन्याने धडाधड खाली गेला.

"आभार मानायचे ते दिवा लावून देणाऱ्याचे," तो कारकुनाला म्हणाला. "यांनी रस्ता काढलाय." लेखकांच्या यादीत पहिलं नाव दाढीवाल्याचं होतं, शेवटचं मॅडमचं, आणि पहिल्याच्या खालोखाल, दुसरं, तिचं. पूर्ण नाव, वडिलांच्या आडनावासकट, कारण तिने तसं मागून घेतलं.

छापील प्रत घरी आली तेव्हा सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. मग शेजारच्या घराची कडी वाजवली, मग समोरच्या, मग जिना उतरून खालच्या मजल्यावरच्याही. प्रत्येक दारात एकच वाक्य: "वाचता येत नसलं तरी बघून घ्या, आमच्या सुनेचं नाव आहे."  नवऱ्याने फक्त प्रतीवर प्लास्टिकचं जाड आवरण चढवून आणलं, दोन्ही बाजूंनी.

दोन महिन्यांनी वृद्ध प्राध्यापकांचं पत्र आलं, या वेळी थेट तिच्या नावाने. माझ्या प्रयोगशाळेतल्या अकरा जणांना पेशी कशा उघडायच्या ते शिकवायला आठ दिवस याल का? दाट पाण्याची सोय करून ठेवतो.

ती गेली. आयुष्यात पहिल्यांदा एकटीने प्रवास, पहिल्यांदा एकटीची खोली, पांढऱ्याशुभ्र चादरीची. पहिल्या दिवशी ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा अकराही जण उभे राहिले. त्यांत दोन डॉक्टर होते, एक पुस्तक लिहिलेली बाई होती, आणि शेवटच्या स्टुलावर, हातात वही घेऊन, स्वतः प्राध्यापक बसले होते. कोपऱ्यात मण्यांचं यंत्र तयार ठेवलेलं होतं, कुणीतरी सवयीने लावलेलं.

थेंबताईने त्या यंत्राची वायर भिंतीतून काढली, नीट गुंडाळली आणि टेबलाखाली ठेवली. मग हात धुतले, कोरडे केले, आणि बाह्या वर सारत म्हणाली, "हं, या जवळ. आधी सगळ्यांनी घाई बाहेर ठेवून या, मग सुरू करू."